परवाना मिळाला, आता बसायचं कुणाच्या दुकानात?

महारेराची इस्टेट एजंटची परीक्षा पास झाल्याच्या तिसऱ्या दिवशी भाच्याचा फोन आला. "मामा, तीन ठिकाणी बोलून आलो. चिंचवडचे काका चाळीस टक्के म्हणतात, बाणेरवाले पन्नास, आणि वाकडचा एक जण सत्तर द्यायला तयार आहे. सत्तरवाला धरू ना?"

"सत्तर टक्के कशाचे?" मी विचारलं.

पलीकडून थोडा वेळ नुसते रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत राहिले.

मी चौदा वर्षं पुण्यात हा धंदा केला, चार ऑफिसांत बसलो. त्यातली दोन ऑफिसं मी अशीच निवडली होती, जो जास्त टक्के बोलेल त्याचा हात धरून. दोन्ही वेळा पस्तावलो. आता परीक्षा आल्यामुळे धंद्यात दर महिन्याला नवी माणसं उतरतायत. बँकेतून निवृत्त झालेले, मुलं मोठी झाल्यावर घराबाहेर पडलेल्या बायका, इंजिनिअर होऊन कंटाळलेली पोरं. सगळे मला हेच विचारतात, आणि सुरुवात टक्क्यांपासूनच करतात. म्हणून म्हटलं, हे प्रकरण एकदा सगळ्या बाजूंनी उलगडून बघावं.

आधी हातात पडलेला कागद. पहिला घोळ इथेच होतो. वीस तासांचं प्रशिक्षण घेऊन आयबीपीएसची परीक्षा दिल्यावर मिळतं ते सक्षमता प्रमाणपत्र. ती नोंदणी नव्हे. नोंदणी वेगळी करावी लागते. एकट्या माणसाला १० हजार रुपये, फर्म किंवा कंपनीला १ लाख, मुदत पाच वर्षं. २०१६ च्या रेरा कायद्याचं कलम ९ सांगतं की नोंदणी नसताना प्रकल्पातलं घर विकायला मध्यस्थी करायची नाही. केली तर कलम ६२ नुसार दिवसाला १० हजार दंड, आणि तो चढत चढत त्या घराच्या किमतीच्या ५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो. महाराष्ट्रात एजंटांची नोंदणी मे २०१७ पासून आहे. परीक्षा आली ती जानेवारी २०२३ च्या आदेशाने, आणि १ जानेवारी २०२४ पासून ती सक्तीची झाली. ज्यांनी मनावर घेतलं नाही अशा सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी महारेराने २०२४ मध्ये स्थगित केली. त्यात माझ्या ओळखीचे काही चांगले जुने लोकही होते. "पंचवीस वर्षं घरं विकली, आता परीक्षा कसली द्यायची" असं म्हणत बसले.

म्हणजे नवख्यापुढे दोन वाटा आहेत. एखाद्या फर्मच्या नोंदणीखाली फक्त स्वतःचं प्रमाणपत्र घेऊन काम करायचं, किंवा स्वतःचा महारेरा नंबर काढायचा आणि मग कुणाबरोबर तरी हिश्श्याने धंदा करायचा. हा फरक किरकोळ वाटतो, पण पुढचं सगळं त्याच्यावर ठरतं. जाहिरातीत नंबर कुणाचा, बिल कुणाच्या नावाने, तक्रार झाली तर नोटीस कुणाच्या दारात, हे सगळं.

आणखी एक गोष्ट प्रशिक्षणात सांगतात पण कुणाच्या लक्षात राहत नाही. रेराची ही नोंदणी नव्या, नोंदणीकृत प्रकल्पांतल्या विक्रीसाठी आहे. सोसायटीतला जुना फ्लॅट विकून देणं किंवा भाड्याने लावून देणं तिच्या कक्षेत येत नाही. तेव्हा 'कुठे बसू' याच्या आधी 'काय विकू' हे ठरायला हवं.

इंटरनेटवर या विषयावरचा जो सल्ला सापडतो तो बहुतेक अमेरिकेतला. भाच्याने तोच वाचला होता. तिथली रचना मुळातच निराळी आहे. टेक्सासात १८० तासांचे सहा अभ्यासक्रम करून परीक्षा पास झालात तरी जोवर एखादा परवानाधारक ब्रोकर तुम्हाला आपल्या छत्राखाली घेत नाही तोवर तुमचा परवाना निष्क्रियच. न्यू जर्सीत तास ७५, पण नियम तोच. म्हणजे डॅलसजवळच्या फ्रिस्कोतल्या किंवा एडिसनमधल्या मराठी माणसाला ब्रोकरेज निवडणं टाळताच येत नाही. त्यातून तिथे हिश्श्यांची एक अख्खी शाळा तयार झाली. १९७३ साली डेन्व्हरमध्ये सुरू झालेल्या रीमॅक्सने एजंटला कमिशनचा मोठा वाटा द्यायचा आणि ऑफिसच्या खर्चाचा भार त्याच्याकडून घ्यायचा असा डाव मांडला. अलीकडच्या ईएक्सपीत ८०-२० वाटणी असते, आणि कंपनीचा हिस्सा वर्षाला १६ हजार डॉलरला पोचला की पुढचं सगळं एजंटचं. ऑगस्ट २०२४ पासून तर घर दाखवण्याआधीच खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो, त्यामुळे नवख्याला आपली फी तोंडाने मागायला शिकावं लागतं. हे सगळं वाचायला छान आहे. पण त्या सगळ्या हिशेबाच्या मुळाशी एक गोष्ट आहे, की एजंटच्या चुकीला ब्रोकर कायद्याने जबाबदार असतो आणि म्हणून त्याच्यावर लक्ष ठेवतो. आपल्याकडे तसं लक्ष ठेवणारा साहेब मिळाला तर नशीब.

आपल्याकडे काय काय पर्याय आहेत ते बघू.

सगळ्यात जुना प्रकार म्हणजे गल्लीतलं इस्टेट एजंटचं दुकान. एक टेबल, दोन खुर्च्या, भिंतीवर दत्ताचा फोटो आणि खिळ्यांना टांगलेल्या किल्ल्यांचे जुडगे. इथे भाड्याचं आणि रिसेलचं काम. भाड्यात साधारण एक महिन्याचं भाडं दलाली म्हणून मिळतं, काही भागांत दोन्हीकडून, काही भागांत अर्धंच. रिसेलमध्ये दोन्ही बाजूंनी एकेक टक्का बोलला जातो आणि घासाघीस होऊन कमी होतो. शिवाय भाडेकराराची नोंदणी. १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ मुळे लिव्ह अँड लायसन्सचा करार लेखी आणि नोंदवलेला असणं ही मालकाची जबाबदारी आहे, त्यामुळे लॅपटॉप आणि अंगठ्याचं यंत्र घेऊन घरी जाणाऱ्याला काम कमी पडत नाही. पैसे थोडे, पण पंधरा दिवसांत हातात. आणि माणूस घर का निवडतो, का नाकारतो, मालक 'फॅमिलीलाच देणार' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात नेमकं काय असतं, हे शिकायला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

दुसरा, आणि आज सगळ्यात मोठा प्रकार म्हणजे चॅनल पार्टनर फर्म. धंद्यात नुसतं सीपी म्हणतात. बिल्डर या फर्मला पॅनेलवर घेतो, फर्म ग्राहक आणते, बुकिंग झालं की बिल्डर फर्मला पेआउट देतो. नव्या मुलांचा ओढा इकडेच असतो, कारण आकडे मोठे. या आकड्यांपाशी मात्र जरा थांबायला हवं.

समजा पुनावळ्यात ८० लाखांचा फ्लॅट आहे. बिल्डर एकट्या एजंटला २ टक्के देतो, म्हणजे १ लाख ६० हजार. महिन्याला पाचसहा बुकिंगं देणाऱ्या फर्मला मात्र स्लॅब वाढून ३ टक्के, म्हणजे २ लाख ४० हजार. त्या फर्मने तुम्हाला निम्मं दिलं तर १ लाख २० हजार. पॅनेलवर धड नसलेल्या, दुसऱ्याच फर्ममार्फत बिल लावणाऱ्या छोट्या ऑफिसाच्या हाती १ टक्का उरतो, ८० हजार. त्याचे सत्तर टक्के ५६ हजार. भाच्याचा वाकडवाला हा असा होता. सत्तर टक्के खरेच, पण उष्ट्याचे.

पुढचा प्रश्न, टक्के कुठल्या किमतीवर. करारनाम्याच्या किमतीवर, की पार्किंग आणि फ्लोअर राइज वजा केलेल्या मूळ दरावर? मग उद्गम कर, तो ऑक्टोबर २०२४ पासून ५ वरून २ टक्क्यांवर आलाय. १८ टक्के जीएसटी बिलात वेगळा लागतो. वर्षाला २० लाखांच्या आत उलाढाल असेल तर नोंदणी सक्तीची नाही, पण बरेच बिल्डर जीएसटी नंबर नसलेल्याचं बिल हातातच घेत नाहीत. एकट्याने उतरणाऱ्याला हे पहिल्या बुकिंगनंतर कळतं.

आणि मग वेळ. बुकिंगच्या दिवशी पेढे वाटले जातात, पैसे येत नाहीत. करारनामा नोंदवल्याशिवाय १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायला रेराच्या कलम १३ ने बिल्डरला मनाई आहे, त्यामुळे ग्राहकाचे पैसेच टप्प्याटप्प्याने येतात. करार नोंदवला, इंडेक्स टूची, म्हणजे नोंदणीच्या सरकारी उताऱ्याची, प्रत हातात आली, बँकेचा पहिला हप्ता सुटला, की फर्म बिल लावते. तिथून पंचेचाळीस दिवस सांगतात, तीन महिने धरून चाला. मध्ये ग्राहकाचं कर्ज फिसकटलं, बुकिंग रद्द झालं तर काहीच नाही, आणि पेआउट घेऊन झालं असेल तर ते पुढच्या बिलातून वळतं होतं. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २१९ हेच सांगतं की वेगळा करार नसेल तर काम पुरं झाल्याशिवाय एजंटचं मानधन देय होत नाही. काम 'पुरं' कधी झालं हे मग ज्याच्या हाती पैसे आहेत तो ठरवतो. म्हणून वेगळा करार हवा, कागदावर.

मला हे कसं कळलं ते सांगतो. तिसरं ऑफिस सोडलं तेव्हा माझी तीन बुकिंगं पेआउटच्या रांगेत होती. दोनांचे पैसे सहा-सात महिन्यांनी, तगादे लावून आले. तिसऱ्याबद्दल मालकांनी सांगितलं, "ते कॅन्सल झालं रे, पार्टीने पैसे काढून घेतले." मी विश्वास ठेवला. वर्षाने दुसऱ्याच एका कामासाठी त्याच इमारतीत गेलो, चौथ्या मजल्यावर लिफ्ट उघडली, आणि समोरच्या दारावर त्याच पार्टीची पितळी पाटी. आत टीव्ही चालू होता. मी बेल न वाजवता जिन्याने खाली आलो. भांडणार कशाच्या जोरावर? माझ्याकडे लेखी एक ओळ नव्हती.

तेव्हापासून मी नवख्याला सांगतो, कुठल्याही ऑफिसात 'मला किती' याच्याही आधी 'मी सोडून गेलो तर रांगेतल्या बुकिंगांचं काय' हे विचारायचं. चेहरा बघायचा. ज्याच्याकडे उत्तर तयार असतं तो बहुधा सरळ माणूस असतो. जो म्हणतो "अरे, आल्याआल्या सोडायच्या गोष्टी कसल्या करतोस, आपण फॅमिली आहोत", त्याच्याकडे मी तरी बसणार नाही.

सीपीच्या धंद्यातली दुसरी ग्यानबाची मेख म्हणजे टॅगिंग. ग्राहक आधी कुणी नोंदवला त्याचा, ही त्यामागची कल्पना. फर्म ग्राहकाचा मोबाइल नंबर बिल्डरच्या सिस्टिममध्ये टाकते, आणि पुढचे तीस, पंचेचाळीस किंवा साठ दिवस तो ग्राहक त्या फर्मचा. एका रविवारी मी एका जोडप्याला घेऊन रावेतच्या साइटवर गेलो होतो. दोन महिने त्यांच्याबरोबर हिंडलो होतो, त्यांच्या मुलाच्या शाळेचं अंतरसुद्धा मोजून दिलं होतं. रिसेप्शनवरच्या मुलीने नंबर टाकला आणि म्हणाली, "सर, हे क्लायंट ऑलरेडी टॅग आहेत." अठरा दिवसांपूर्वी एका फर्मने कुठून तरी मिळवलेली यादी सरसकट नोंदवून टाकली होती. त्यांच्यातल्या कुणीही या नवराबायकोचं तोंड पाहिलेलं नव्हतं. घर झालं, पेआउट तिकडे गेलं. मला वास्तुशांतीचं जेवण मिळालं. पुरणपोळी उत्तम होती.

तेव्हा फर्म बघताना हे बघायचं की टॅगिंगचा वाद झाला तर तिचा माणूस बिल्डरच्या सोर्सिंग मॅनेजरशी भांडायला उभा राहतो का. तसंच पासबॅकचं. आपल्या दलालीतला काही भाग ग्राहकाला परत द्यायचा आणि दुसऱ्याचं गिऱ्हाईक ओढायचं, हे बाजारात सर्रास चालतं. काही फर्मा उघड करतात, काही चोरून, काही अजिबात नाही. तो पासबॅक कुणाच्या हिश्श्यातून कापला जाणार, हे आधी विचारून ठेवलेलं बरं. बहुतेकदा नव्या पोराच्याच हिश्श्यातून कापतात.

आता फोनबद्दल. अनेक ऑफिसांत पहिल्या दिवशी प्रशिक्षण म्हणून हजार नंबरांची एक्सेल शीट हातात ठेवतात आणि सांगतात, रोज दोनशे लाव. तेही स्वतःच्या सिमवरून. प्रचाराच्या कॉलसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेले आहेत. साध्या दहा आकडी नंबरावरून असे कॉल करत राहिलात आणि तक्रारी गेल्या, तर दूरसंचार नियामक ट्रायच्या नियमांनुसार तुमची सगळी कनेक्शनं तोडून तुम्हाला काळ्या यादीत टाकता येतं. धंदा ज्याच्यावर चालतो तो नंबरच गेला तर उरलं काय? रीलचंही तसंच. ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत महारेराचा क्यूआर कोड लागतो. तो न टाकता बाल्कनीतला सूर्यास्त दाखवणारी रील तुमच्या अकाउंटवर टाकायला लावणारं ऑफिस तुमच्या खांद्यावर बंदूक ठेवतंय.

बाकीच्या पर्यायांवर फार वेळ घालवायला नको. पोर्टलवाल्या किंवा देशभर शाखा असलेल्या मोठ्या कंपन्यांत पगार असतो, लीड ऑफिसातून येतात, टार्गेटही येतं. दोन वर्षांनी बाहेर पडताना ग्राहकांची यादी कंपनीची राहते आणि आपल्याकडे अनुभवाचं पत्र. ज्याच्या घरी दर महिन्याचा हप्ता आहे त्याने यात कमीपणा मानू नये. बिल्डरच्या साइट ऑफिसातली नोकरीही अशीच; एकच माल विकायचा, पण कॉस्ट शीट, करारनामा, बँकांची मंजुरी हे आतून कळतं. माझ्या पाहण्यातले सगळ्यात पक्के एजंट आधी साइटवर क्लोजिंग करणारे होते. परदेशी नावाची फ्रँचायझी घेतलेली ऑफिसंही शहरात आहेत. तिथे बोर्ड चकचकीत असतो, पण दुकान शेवटी चालवणाऱ्या मालकाचंच, तेव्हा मालक बघावा.

आणि एकट्याने उतरणं? पहिल्याच वर्षी नको, असं माझं सरळ मत आहे. नोंदणीचे १० हजार कुणीही भरेल. पण कलम १० खाली हिशेबाची पुस्तकं ठेवणं, ग्राहकाला प्रकल्पाची कागदपत्रं मिळवून देणं, खोटी आश्वासनं न देणं ही सगळी जबाबदारी तुमच्या एकट्याच्या नंबरावर येते. साइटवरचा सेल्सवाला "समोर गार्डन होणार आहे" म्हणतो, तुम्ही तेच ग्राहकाला व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवता, आणि दोन वर्षांनी त्या जागी ट्रान्सफॉर्मर बसतो. लिहिलेलं तुमचं असतं. ज्याच्या सोसायटीत, नातेवाइकांत, जुन्या ऑफिसात दोनशे माणसं ओळखतात आणि ज्याची वर्षभराची बेगमी झालेली आहे, त्याने अपवाद म्हणून उतरावं.

भाच्याला घेऊन मी तिन्ही ऑफिसं फिरलो. वाकडला बीन बॅग होत्या, भिंतीवर इंग्रजी सुविचार, आणि मालक बाहेर गेलेले. एका मुलाला बाजूला घेऊन विचारलं, शेवटचं पेआउट कधी मिळालं. तो हसला आणि चहा घेणार का म्हणाला. बाणेरच्या मॅडमनी मात्र लॅपटॉप आमच्याकडे वळवला आणि मागच्या सहा बिलांच्या तारखा दाखवल्या. बुकिंग कधी, इंडेक्स टू कधी, पैसे कधी, एजंटला कधी. सगळ्यात वेगवान नव्वद दिवस, सगळ्यात रखडलेलं दोनशे दहा. सोडून गेल्यावरचं कलम त्यांच्या ऑफर लेटरमध्येच होतं; करार नोंदवून झाला असेल तर पूर्ण हिस्सा, नुसतंच बुकिंग असेल तर निम्मा. मला त्या बाई आवडल्या. पण त्यांनीच भाच्याला विचारलं, "सात महिने पैसे नाही आले तर चालेल का घरी?"

चालणार नव्हतं. त्याच्या वडिलांचं मागच्या वर्षी ऑपरेशन झालंय.

तो चिंचवडच्या काकांकडे बसला, चाळीस टक्क्यांवर. बाणेरच्या मॅडमनी सांगितलंय, वर्षाने ये. काका त्याला पहिले पंधरा दिवस नुसते किल्ल्या घेऊन फिरवत होते. कुठला फ्लॅट कुठल्या विंगमध्ये, कुणाचा वॉचमन कुरकुरतो, कुठल्या घरात दुपारनंतर उजेड येत नाही. गेल्या आठवड्यात त्याने पहिला भाडेकरार केला. २० हजार भाडं, दलाली दोन्हीकडून अर्धी अर्धी, त्यातले त्याचे ८ हजार. काकांनी संध्याकाळी दुकान बंद करताना रोख मोजून दिले आणि वहीत सही घेतली. त्याने मला त्या वहीच्या पानाचा फोटो पाठवलाय, खाली लिहिलंय, "मामा, लेखी आहे."